मॉरिशस : देऊळ, दालपुरी आणि आपण

मंडळी, परदेशात जाऊन देवळं बघायची आणि तिथलं जेवायचं, तर कुठं जावं? आज आपण मॉरिशसचं उदाहरण घेऊ.

सुरुवात पोर्ट लुईसच्या आप्रवासी घाटापासून करायची. हे देऊळ नाही, पण हे समजल्याशिवाय तिथली देवळं समजत नाहीत. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेले भारतीय मजूर याच बंदरात उतरले. त्यांत भोजपुरी बोलणारे सर्वांत जास्त. मुंबई बंदरातून आपली मराठी माणसंही गेली, मुख्यतः कोकणातली. २००६ साली हा घाट जागतिक वारसा ठरला.

तिथून गंगा तलाव. ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं हे तळं. १९७२ साली त्यात भारतातून नेलेलं गंगाजल मिसळलं. महाशिवरात्रीला लोक खांद्यावर सजवलेली कावड घेऊन पायी येतात. आपल्या दौंड तालुक्यातून तुकोबांची पालखी जाताना रस्ता कसा भरतो, ते आठवा म्हणजे कल्पना येईल.

आता जेवण. रस्त्यावर गाडीवर दालपुरी मिळते. डाळ शिजवून, वाटून, हळद-जिरं घालून मैद्याच्या पारीत भरायची, पातळ लाटायची, तव्यावर भाजायची. दोन पुऱ्या, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची करी, टोमॅटोचा रुगाय आणि चटणी. आपल्याला वाटतं, अरे, ही तर तिखटामिठाची पुरणपोळी! तसं नाही. ही भोजपुरी घरातून आली. शाकाहारी असाल तर सोबत कुठली करी आहे, ते आधी विचारून घ्या.

मग आपलं काय उरलं? गणपती. तिथं गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आपण रांजणगावच्या महागणपतीपुढं म्हणतो तशा मराठी आरत्या तिथंही म्हणतात, मोदक करतात. कोकणातल्या जाखडीचा नाच तिथं 'झाकरी' म्हणून टिकलाय.

पण घरात बोलायची भाषा बहुतेकांची क्रिओल झाली. मराठी शाळेत शिकावी लागते. म्हणून एवढंच सांगणं, की तिथं गेल्यावर "तुम्हाला मराठी येत नाही?" असं कुणाला तोंडावर विचारू नका. चार-पाच पिढ्या आणि मधे अख्खा समुद्र, तरी जे राखलं ते त्यांनी राखलं. आपण मुकाट्यानं टाळ उचलायचा आणि आरतीत सूर मिसळायचा. पुढच्या गप्पा प्रसादाला बसल्यावर आपोआप होतात.