जुळ्यांचे दुखणे : एका वारेवरील दोन जीव

मराठीत ‘जुळ्यांचे दुखणे’ असा वाक्प्रचार आहे. एकाला झाले की दुसऱ्यालाही होते, दोहोंपैकी एकाचाच स्वतंत्र विचार करता येत नाही, अशा प्रश्नांना तो लावला जातो. त्यामागील लोकसमजुतीला वैद्यकीय आधार नाही. जन्मानंतर जुळी भावंडे स्वतंत्रपणे आजारी पडतात आणि स्वतंत्रपणे बरी होतात. मात्र जन्मापूर्वी, एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांच्या बाबतीत हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो. त्यांच्यातील एकाचे आजारपण, इतकेच नव्हे तर मृत्यूही, काही मिनिटांत दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतो. चार दशकांपूर्वी अशा गुंतागुंतीपुढे वैद्यक जवळजवळ हतबल होते. आज त्यांपैकी अनेकींवर गर्भाशयातच उपचार होऊ शकतात. हे उपचार कोणते, ते कोणत्या तत्त्वावर चालतात आणि त्यांचा लाभ वेळेवर मिळण्यासाठी आरोग्यव्यवस्थेत काय असावे लागते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

जुळ्यांचे प्रकार

जुळी मुख्यतः दोन प्रकारची असतात. दोन स्वतंत्र स्त्रीबीजे फलित झाल्यास द्वियुग्मजी जुळी जन्मतात. आनुवंशिकदृष्ट्या त्यांचे नाते इतर सख्ख्या भावंडांइतकेच असते. एकच फलित बीज पुढे विभागले गेल्यास एकयुग्मजी, म्हणजेच हुबेहूब दिसणारी जुळी जन्मतात. जगभर त्यांचे प्रमाण जवळपास स्थिर असून दर १,००० प्रसूतींमागे ते साधारणपणे ३ ते ५ इतके आढळते.

एकयुग्मजी जुळ्यांना वार एक मिळणार की दोन, हे फलित बीज कितव्या दिवशी विभागले यावर अवलंबून असते. पहिल्या तीन दिवसांत विभागणी झाल्यास प्रत्येकाला स्वतंत्र वार आणि स्वतंत्र गर्भजलपिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसांदरम्यान झाल्यास वार एक, पण पिशव्या दोन असतात. त्यानंतर झाल्यास वारही एक आणि पिशवीही एकच; आणि सुमारे तेराव्या दिवसानंतर विभागणी सुरू झाल्यास ती अपुरी राहून शरीरे जोडलेली राहतात. एकयुग्मजी जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश एकाच वारेवर वाढतात आणि धोक्याचा प्रश्न मुख्यतः त्यांचाच आहे. म्हणूनच ‘जुळी सारखी आहेत का?’ यापेक्षा ‘वार एक आहे का?’ हा प्रश्न वैद्यकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

तिसरे अभिसरण

वारेतून बाळाला प्राणवायू व पोषण मिळते. एकाच वारेवर दोन बाळे असतील, तर त्यांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर आणि तिच्या आत एकमेकींना जोडल्या जातात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रिडरिख शाट्झ यांनी या जोडण्यांचा बारकाईने अभ्यास केला. प्रत्येक बाळाचे स्वतःचे एक अशी दोन अभिसरणे आणि दोघांमधील हे सामाईक अभिसरण तिसरे, म्हणून त्याला ‘तिसरे अभिसरण’ हे नाव मिळाले.

या जोडण्यांचे स्वरूप सारखे नसते. रोहिणी-रोहिणी जोडणीत रक्त दोन्ही दिशांना वाहू शकते, त्यामुळे समतोल राखला जातो. रोहिणी-नीला जोडणीत मात्र एका बाळाच्या रोहिणीतून वारेत आलेले रक्त दुसऱ्याच्या नीलेतून निघून जाते. ही वाहतूक एकेरी असते. उलट दिशेची तितकीच वाहतूक असेपर्यंत अडचण येत नाही. समतोल ढळला की एक बाळ सतत देत राहते आणि दुसरे सतत घेत राहते.

प्रमुख गुंतागुंती

या असमतोलातून उद्भवणाऱ्या विकाराला ‘ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम’, म्हणजे जुळ्यांतील रक्तसंक्रमणाचा विकार म्हणतात. एक वार व दोन पिशव्या असलेल्या जुळ्यांपैकी सुमारे १० ते १५ टक्क्यांमध्ये तो आढळतो आणि बहुधा १६ ते २६ आठवड्यांदरम्यान प्रकट होतो. दाता बाळाच्या शरीरात रक्त कमी पडते, त्याचे मूत्र घटते आणि त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. ग्राही बाळाच्या हृदयावर जादा रक्ताचा भार पडतो, मूत्र वाढते आणि त्याची पिशवी पाण्याने फुगते. येथे एक विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे : ज्याला अधिक मिळते तेही सुरक्षित नसते. ग्राही बाळाचे हृदय निकामी होऊ शकते. तीव्र स्वरूपाच्या विकारावर उपचार न झाल्यास ८० ते ९० टक्के बाळे दगावतात.

रूबेन क्विंटेरो यांनी १९९९ मध्ये या विकाराच्या पाच अवस्था मांडल्या व त्या आजही वापरात आहेत :

१. एका पिशवीत पाणी फार कमी, दुसरीत फार जास्त.
२. दाता बाळाचे मूत्राशय सोनोग्राफीत दिसेनासे होणे.
३. नाळेतील किंवा हृदयाजवळील रक्तप्रवाहात गंभीर बिघाड.
४. बाळाच्या शरीरात पाणी साचून सूज येणे.
५. एका किंवा दोन्ही बाळांचा मृत्यू.

दुसरी गुंतागुंत म्हणजे ‘टॅप्स’. यात अतिशय बारीक जोडण्यांमधून रक्त हळूहळू झिरपते. गर्भजलात फरक पडत नाही; पण एक बाळ रक्तक्षयी होते आणि दुसऱ्याचे रक्त दाट होते. मेंदूतील रोहिणीतील रक्ताचा वेग डॉप्लर तंत्राने मोजला, तरच हा विकार लक्षात येतो. तिसरी गुंतागुंत वारेच्या असमान वाटणीची. एकाच्या वाट्याला वारेचा लहान भाग आल्याने त्याची वाढ खुंटते. चौथी अत्यंत दुर्मीळ असून तीत एका बाळाचे हृदयच तयार झालेले नसते आणि दुसऱ्या बाळाचे हृदय दोन्ही शरीरांसाठी काम करीत राहते.

या साऱ्यांमागे एक समान धोका आहे. एक बाळ गर्भाशयात दगावले की त्याच्या शरीरातील रक्तदाब शून्यावर येतो आणि जिवंत बाळाचे रक्त खुल्या जोडण्यांतून तिकडे वाहू लागते. त्यामुळे दुसरे बाळही दगावू शकते किंवा त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

उपचारांची वाटचाल

पूर्वी ग्राही बाळाच्या पिशवीतील जादा पाणी सुईने काढणे हाच प्रमुख उपाय होता. त्यामुळे मातेला आराम पडे व अकाली प्रसूती लांबणीवर पडे. मूळ कारण मात्र कायम राही. अमेरिकेतील डॉ. ज्युलियन डि लिया यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जोडण्या लेसरने बंद करण्याची पद्धत प्रत्यक्षात आणली. ‘युरोफीटस’ या बहुराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. १४२ गर्भवतींच्या या अभ्यासात किमान एक बाळ २८ दिवसांपर्यंत जगण्याचे प्रमाण लेसरगटात ७६ टक्के, तर पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के होते. लेसरगटातील बाळांच्या मेंदूला इजा होण्याचे प्रमाणही कमी होते. त्यानंतर लेसर हा या विकारावरील प्रमाणित उपचार ठरला.

या शस्त्रक्रियेत मातेच्या पोटातून दोन ते तीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण ग्राही बाळाच्या पिशवीत सोडली जाते. वारेच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या जेथे भेटतात ती सीमारेषा शोधून एकेक जोडणी लेसरने गोठवली जाते. सुटलेल्या सूक्ष्म जोडण्यांतून विकार पुन्हा उद्भवू नये, म्हणून त्या ठिपक्यांना सांधणारी सलग रेषाही लेसरने आखली जाते. दोन मातांच्या वादात बाळ दुभागण्याचा हुकूम देणाऱ्या राजा सॉलोमनच्या कथेवरून या पद्धतीला ‘सॉलोमन तंत्र’ म्हणतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या तंत्रामुळे लेसरनंतर उद्भवणाऱ्या ‘टॅप्स’चे प्रमाण १६ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. एका अर्थी हे एका वारेचे दोन वारांत केलेले रूपांतरच होय.

हा उपचार जोखमीविना नाही. पडदा अकाली फाटणे व मुदतपूर्व प्रसूती हे त्याचे प्रमुख धोके आहेत. त्यामुळे नवजात शिशू अतिदक्षता विभागाची जोड आवश्यक ठरते. पहिल्या अवस्थेतील काही गर्भवतींबाबत बारकाईने लक्ष ठेवून थांबणेही योग्य ठरते. एका बाळाचे जगणे अशक्य असेल, तर दुसऱ्याच्या रक्षणासाठी पहिल्याच्या नाळेतील प्रवाह बंद करावा लागतो. वार एक असल्याने अशा वेळी औषधाचे इंजेक्शन देता येत नाही. ते दुसऱ्या बाळापर्यंत पोहोचेल.

तांबरमपासून गर्भवैद्यक केंद्रापर्यंत

चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम हे २०२१ मध्ये महानगरपालिकेचा दर्जा मिळालेले शहर आहे. १९२८ मध्ये तेथे सुरू झालेल्या क्षयरोग आरोग्यधामाची आठवण ‘तांबरम सॅनेटोरियम’ या रेल्वेस्थानकाच्या नावात टिकून आहे. १९३१ पासून विजेवरील उपनगरी गाड्यांनी तांबरम चेन्नईशी जोडलेले आहे. त्याच मार्गावर सुमारे २५ किलोमीटरवर एग्मोर येते. १८४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रसूती रुग्णालयाची परंपरा सांगणारी शासकीय प्रसूती व स्त्रीरोग संस्था तेथे आहे. विख्यात प्रसूतितज्ज्ञ व मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांचे नाव या संस्थेशी निगडित आहे. डॉ. एस. सुरेश यांनी चेन्नईत उभारलेल्या ‘मेडिस्कॅन’ने गर्भवैद्यकाची सेवा व त्या शाखेचे प्रशिक्षण या दोन्ही क्षेत्रांत काम केले आहे.

तांबरममधील गर्भवतीला अशा केंद्रापर्यंत लोकलने पोहोचता येते. मराठवाडा किंवा विदर्भातील दूरच्या तालुक्यातील गर्भवतीसाठी तेच अंतर शेकडो किलोमीटरचे असते. मात्र दोघींच्या बाबतीत निर्णायक घटक एकच आहे : विकार कोणत्या अवस्थेत ओळखला गेला. अंतर वाहनाने कापता येते. हुकलेली तपासणी भरून काढता येत नाही.

तामिळनाडूत गर्भवतींच्या नोंदणीसाठी ‘पिकमी’ ही संगणकीकृत प्रणाली आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी प्रसूती साहाय्य योजनेत १२ आठवड्यांच्या आत नोंदणी करण्यावर भर दिला जातो. हा कालावधी जुळ्यांसाठी विशेष मोलाचा आहे. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वाधिक खात्रीने कळते. दोन पिशव्यांमधील पडदा वारेला जेथे मिळतो तेथे जाड त्रिकोण दिसल्यास वारा दोन. त्याला लॅम्डा खूण म्हणतात. पातळ पडदा काटकोनात, इंग्रजी टी अक्षरासारखा मिळत असल्यास वार एक. पुढे पुढे ही खूण पुसट होत जाते.

येथे भारतीय संदर्भातील एक मुद्दा लक्षणीय आहे. एक मुलगा व एक मुलगी असल्यास वारा दोन असल्याचे बहुधा निश्चित होते आणि अनेक देशांत या माहितीचा आधार घेतला जातो. भारतात गर्भलिंग सांगणे हा गुन्हा आहे. या बाबतीत महाराष्ट्राने १९८८ मध्येच राज्याचा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला व २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. स्त्रीभ्रूणहत्या रोखण्यासाठी तो आवश्यक आहे आणि वारेच्या निदानासाठी त्यात सूट मागण्याचे कारणही नाही. पहिल्या तिमाहीतील पडद्याची खूण अहवालात नोंदवली, तर गर्भलिंगाचा आधार घेण्याची गरजच उरत नाही.

योजनांची सांगड

२०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने शासकीय संस्थांत मोफत तपासण्या, प्रसूती व वाहतुकीची हमी दिली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भवतींची तपासणी होते. जुळी गर्भधारणा त्यात जोखमीची मानली जाते. २०२२ पासून विस्तारित अभियानात जोखमीच्या गर्भवतींचा वैयक्तिक पाठपुरावाही अपेक्षित आहे. तथापि, एका वारेवरील जुळ्यांची सोनोग्राफी १६ व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी व्हावी लागते. दोन मासिक तपासण्यांच्या मधल्या काळात हा विकार पहिल्या अवस्थेतून चौथीत जाऊ शकतो. म्हणून मासिक तपासणी ही पायरी आहे, पुरेशी व्यवस्था नव्हे.

आशा व परिचारिका यांची भूमिका येथे कळीची ठरते. जुळे असलेल्या गर्भवतीचे पोट काही दिवसांतच झपाट्याने वाढले, ते ताठ झाले किंवा तिला धाप लागू लागली, तर ‘जुळे आहे, पोट मोठे दिसणारच’ असे म्हणून ते सोडून देता कामा नये. ती ग्राही बाळाच्या पिशवीत पाणी साचल्याची खूण असू शकते. सर्व काही सुरळीत असल्यास एक वार व दोन पिशव्या असलेल्या जुळ्यांची प्रसूती साधारणतः ३६ व्या आठवड्यात केली जाते. पिशवीही एकच असेल, तर नाळा गुंतण्याच्या धोक्यामुळे ती ३२ ते ३४ आठवड्यांत शस्त्रक्रियेने करावी लागते.

दुर्बीण, लेसर व अतिदक्षता विभाग ही महागडी साधने मोजक्याच शहरांत उपलब्ध असतात आणि पुढील काही काळ तशीच राहतील. परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची पहिली पायरी तालुक्याच्या ठिकाणीही घालता येते. बाराव्या आठवड्याच्या सुमाराची सोनोग्राफी आणि तिच्या अहवालात ‘वार एक’ किंवा ‘वारा दोन’ अशी स्पष्ट नोंद, एवढेच तिचे स्वरूप आहे. ती एक ओळ लिहिली गेली, तर पुढच्या प्रत्येक तपासणीत काय शोधायचे हे ठरते. ती राहून गेली, तर विकार कळेपर्यंत लेसरची वेळ बहुधा टळून गेलेली असते.