खेळाच्या स्मृतिवस्तूंचें मोल

ता. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंतील नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनीं पराभव करून विश्वचषक प्रथमच जिंकला. तेव्हांपासून आमचे विद्यार्थी त्या सामन्याचें तिकीट किंवा एखाद्या खेळाडूची स्वाक्षरी पुढें करून विचारतात, "सर, ह्याचे किती येतील?" प्रश्न पोरकट नव्हे. ह्याचें उत्तर न जाणणारा मनुष्य एक तर फसतो, नाहीं तर घरांतील मोलाची वस्तु कवडीमोलानें घालवितो. म्हणून अशा वस्तूंची किंमत कशी ठरवितात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगूं इच्छितों.

पहिला प्रश्न असा कीं, वस्तु खरी आहे काय? तें ती कोणाकडून कोणाकडे आली ह्यावरून सिद्ध होतें. १९४७-४८ च्या मालिकेंत डॉन ब्रॅडमन ह्यांनीं भारताविरुद्ध घातलेली हिरवी टोपी भारतीय संघाचे व्यवस्थापक पीटर गुप्ता ह्यांस भेट दिली होती. डिसेंबर २०२४ मध्यें सिडनी येथें ती विटलेली टोपी ३,९०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या बोलीस गेली. हा इतिहास ठाऊक नसता, तर तिला कोणीं विचारलेंही नसतें.

दुसरा प्रश्न स्थितीचा व तिसरा दुर्मिळतेचा. अमेरिकेंतील बेसबॉलपटु मिकी मँटल ह्याच्या चित्राचें १९५२ सालचें एक कार्ड २०२२ सालीं १ कोटि २६ लक्ष डॉलरांस विकलें गेलें. तें जवळजवळ नव्यासारखें राहिलें होतें. परीक्षकांनीं त्यास १० पैकीं ९.५ गुण दिले होते. घडी पडलेल्या प्रतीस ह्याचा अल्पांशही मिळत नाहीं. शिवाय टॉप्स कंपनीनें न खपलेलीं कार्डें पुढें समुद्रांत टाकून दिलीं, त्यामुळें उरलेलीं दुर्मिळ झालीं. जें सहस्रावधि छापिलें जातें व सर्वच जपून ठेवितात, तें दुर्मिळ होणें कठीण.

चौथा प्रश्न मागणीचा. विक्रेता सांगतो ती किंमत नव्हे. तशाच वस्तूकरितां, तशाच स्थितींत, गिऱ्हाइकानें अलीकडे प्रत्यक्ष मोजलेलें द्रव्य हेंच खरें माप. त्यांतही लिलावगृहाचें शुल्क वेगळें असतें. तें धरून वरील टोपीस ४,७९,७०० डॉलर पडले. धर्मादाय लिलावाचा आंकडाही प्रमाण मानूं नये. २०११ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत धोनी वानखेडे मैदानावर ज्या बॅटनें खेळला, तिला लंडन येथें १ लक्ष पौंड आले. पण त्यांत दानबुद्धीचा वांटा होता.

तेव्हां विद्यार्थ्यांनीं एवढें करावें. सामना कोणता, स्वाक्षरी कोणीं, कोठें व केव्हां दिली, हें त्याच दिवशीं वेगळ्या कागदावर टिपून ठेवावें व जमल्यास छायाचित्र जोडावें. वस्तु घासूं नये, डिंकानें चिकटवूं नये, आणि आपल्याकडील पावसाळ्याच्या ओलीपासून जपावी.

तथापि ह्या चार प्रश्नांनीं सर्वच मोल कळतें असें नाहीं. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव ह्यांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चाकरितां कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें घर ७,००० रुपयांस गहाण ठेविलें होतें. गांवीं होणारी कुस्तीची प्रबोधिनी रखडली, म्हणून २०१७ सालीं जाधवांच्या कुटुंबियांनीं तेंच पदक लिलावांत काढण्याचा विचार जाहीर केला. त्यांतील धातूची किंमत ती केवढी! परंतु प्राचार्यांनीं त्याचें मोल तें मिळण्यापूर्वींच ओळखिलें होतें. आमच्या विद्यार्थ्यांनीं बाजारभाव अवश्य शिकावा. मात्र वस्तु विकावयास काढण्यापूर्वीं तिच्यामागें कोणाचे श्रम आहेत, हेंही विचारून पाहावें.