सर्पगंधेची मुळी आणि गोव्यातले समुपदेशक

सर्पगंधेचं झुडूप दिसायला साधंच. फार तर कमरेएवढी उंची, पांढरट-गुलाबी फुलं, त्यांचे देठ लालभडक, फळं पिकली की काळी-जांभळी. औषध असतं ते जमिनीखाली, कडूजहर मुळीत. बिहारकडे हिला ‘पागल की दवा’ म्हणत. रात्र-रात्र जागणाऱ्या, आरडाओरडा करणाऱ्या माणसाला मुळीची पूड दिली की तो शांत होतो, झोपतो, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. ताण, चिंता आणि नैराश्यावरच्या ‘नैसर्गिक’ उपायांची चर्चा आपल्याकडे सतत चालू असते. ती करणाऱ्या प्रत्येकाने या मुळीचा इतिहास एकदा वाचावा, असं मला फार वाटतं.

१९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या बंगाली वैद्यकतज्ज्ञांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर सर्पगंधेचा उपयोग नोंदवणारा निबंध प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळीतली द्रव्यं वेगळी काढली आणि त्यातल्या एकाला हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटलं. पण जगाचं लक्ष गेलं ते १९४९ मध्ये. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. तीन वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळं केलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी सर्पगंधेच्या वापराचे निष्कर्ष मांडले. असं सांगतात, की तिथे औषधाचा गुण डॉक्टरांच्या आधी खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्या कारागिराच्या ध्यानात आला. फुटलेल्या काचा बदलण्याचं त्याचं काम एकदम कमी झालं होतं. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत वकील आणि क्लाइन दोघंही होते.

रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचं मन मात्र खचू लागलं. कशात लक्ष लागेना, उगाच रडू येई, काहींच्या मनात आत्महत्येचे विचार येत, अशा नोंदी पन्नासच्या दशकातल्या वैद्यकीय नियतकालिकांत दिसू लागल्या. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत आढळलं, की रेसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिनचा साठा आटतो. नैराश्य म्हणजे अशा रसायनांची कमतरता, हा पुढे गाजलेला सिद्धांत ज्या निरीक्षणांवर उभा राहिला, त्यातलं हे एक. नंतरच्या अभ्यासकांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा संबंध इतका सरळ नसल्याचं दिसलं, आणि तो सिद्धांतही आता जसाच्या तसा कुणी धरून बसत नाही. तरी नैराश्याच्या रुग्णाला रेसर्पिन देऊ नये, ही सूचना कायम राहिली.

मुळी झाडाचीच होती आणि गुणकारीही होती. म्हणूनच ती किती द्यायची, कुणाला द्यायची, सोबत दुसरं कोणतं औषध चालू आहे, हे विचारणं भाग होतं. आपल्या घरांत नेमके हेच प्रश्न विचारले जात नाहीत. मानसोपचारतज्ज्ञाने गोळ्या सुरू केल्या की महिन्याभरात कुणीतरी म्हणतंच, “गोळ्यांची सवय लागते, त्यापेक्षा काढा घे.” मग गोळी परस्पर बंद होते, चक्कर, मळमळ, बेचैनी सुरू होते, कधी आजार उलटतो. नाहीतर काढा गुपचूप चालू होतो आणि डॉक्टरांना पत्ताच नसतो. युरोपातल्या ‘सेंट जॉन्स वर्ट’ या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचा सौम्य ते मध्यम नैराश्यात उपयोग होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. पण ती यकृतातल्या विकरांचं काम वाढवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, प्रत्यारोपणानंतरची औषधं निष्प्रभ होऊ शकतात. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत ती घेणं तर सरळ धोक्याचं. अश्वगंधेने ताण थोडा हलका झाल्याचं छोट्या चाचण्यांत आढळलं. तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत, आणि थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये.

औषधी वनस्पतींपेक्षा माझा भरवसा हालचालीवर अधिक आहे. योगाला प्रयोगशाळेत नेण्याचं काम स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात १९२४ पासूनच सुरू केलं होतं. व्यायामाबद्दलची एक महत्त्वाची चाचणी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेंथाल यांनी केली, ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. नैराश्याचं निदान झालेले, पन्नाशी ओलांडलेले १५६ जण; काहींना व्यायाम, काहींना सर्ट्रालिन ही गोळी, काहींना दोन्ही. गोळीचा गुण लवकर दिसला, पण सोळा आठवड्यांनंतर तिन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. हा व्यायाम देखरेखीखाली, आठवड्यातून तीनदा, गटात होत होता. “जरा फिरून ये, बरं वाटेल,” असं नुसतं सांगणं आणि हे, यांत फार अंतर आहे. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला सल्ला देऊन काय होणार?

या प्रश्नाचं उत्तर गोव्यात सापडलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. ‘संगत’ या संस्थेने विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर एक चाचणी केली. साधी उदासी असलेले हे लोक नव्हते. त्यांचं नैराश्य बऱ्यापैकी तीव्र होतं. त्यांच्याशी बोलायला नेमलेले समुपदेशक स्थानिक होते, मानसोपचाराचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेले, या कामासाठी प्रशिक्षण दिलेले. सहा ते आठ बैठका, प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाची. कधी केंद्रात, कधी रुग्णाच्या घरी.

बैठकीत उपदेश नसतो. दिवस कसा जातो, काय करायचं सुटलं, ते सुटल्यापासून मन कसं आहे, हे दोघं मिळून पाहतात. मग पुढच्या बैठकीपर्यंत जमेल असं एखादंच काम ठरतं आणि पुढच्या वेळी विचारलं जातं, जमलं का, अडलं कुठे. बरं वाटलं की करू, या वाटेने नैराश्यातला माणूस दिवसेंदिवस थांबून राहतो; इथे आधी कृती, मग मनाची उभारी. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, ते न मिळालेल्या गटापैकी ३९ टक्के. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता.

आत्महत्येचे विचार, खाणं-पिणं सुटणं, भास होणं अशी लक्षणं असतील तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाकडेच जायला हवं, तेही लगेच. बोलायला कुणी नसेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ वर आहे. गोव्यातली पद्धत पुढे मध्य प्रदेशातल्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना शिकवली गेली. महाराष्ट्रातल्या आशाताई आजही घरोघरी जातात, बाळंतिणीची आणि क्षयरोग्याची चौकशी करतात. त्यांना हे शिक्षण आणि त्यासाठी वेगळा मोबदला मिळावा, ही मागणी आता आपण करायला हवी.