कातळाखालील तळे

सानपाड्याच्या पूर्वेचे डोंगर काळ्या कातळाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेला लाव्हारस थरावर थर पसरून थंड झाला व हा कातळ बनला. अशा दाहात जीवसृष्टी कशी तगली असेल, असा प्रश्न विद्यार्थ्यांना साहजिकच पडतो.

त्याचे उत्तर खाडीपलीकडे, मुंबईत वरळीस मिळाले. तेथे कातळाच्या थराखाली गाळापासून झालेला पापुद्र्यांचा मऊ दगड आढळला व त्यात लहान बेडकांचे सांगाडे निघाले. १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. मुंबईतील अशाच थरांत कासवाचे व वनस्पतींचेही अवशेष सापडले. यावरून असे दिसते की, उद्रेक अखंड चालू नव्हता. मधल्या विरामात तळी साचली, काठी झाडे रुजली, प्राणी वावरू लागले. पुढच्या लाव्हारसाने तो गाळ झाकून टाकला.

असे थर पातळ असल्याने खोदकामात सहज नष्ट होतात. सहलीत तसा दगड दिसल्यास विद्यार्थ्यांनी तो फोडू नये. जागा व वरखालचे थर वहीत नोंदवावेत, हे शिक्षकांनी आवर्जून शिकवावे. जागेवरून हललेला अवशेष आपला निम्मा इतिहास गमावतो.