वळसा घालून लवकर पोचलेलं विमान

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो सरकत सरकत थेट उत्तर ध्रुवीय प्रदेशावरून जातो आणि अंतर भरतं सुमारे १२,४०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही जवळची वाट दिसतच नाही. गोल पृथ्वी कागदावर पसरली की सरळ रेषा आणि जवळची वाट यांची फारकत होते.

पण खरी नवलाई पुढेच आहे. एअर इंडियाचं विमान दिल्लीहून पश्चिमेकडे निघून, अटलांटिक महासागरावरून सॅन फ्रान्सिस्कोला जायचं. ती वाट होती सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये वैमानिकांनी उलटी दिशा धरली. पूर्वेकडे निघून ते पॅसिफिक महासागर ओलांडून गेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची, म्हणजे तब्बल १,४०० किलोमीटर जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर!

हे घडलं कसं? पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तिचा थेट धक्का मिळतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच असतं. किमया आहे वाऱ्याची. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याच्या नद्या वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. विषुववृत्ताकडची ऊब आणि ध्रुवाकडची थंडी यांतल्या तफावतीतून त्या जन्मतात. पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा इथे येतो: उत्तरेकडे निघालेल्या हवेला ते पूर्वेकडे वळवतं. हिवाळ्यात तफावत वाढते, तसा या नद्यांना जोर चढतो. तेव्हा काही ठिकाणी त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो.

पुढचं गणित नदीतल्या होडीचं. विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटरने जात असेल आणि पाठीशी १५० चा वारा असेल, तर जमिनीवरचं अंतर ताशी १,०५० ने कापलं जातं. तोच वारा समोरून आला, तर उरतात ७५०. इंजिनं तीच, पण तासाला तीनशे किलोमीटरचा फरक!

१९२० च्या दशकात जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी आकाशात फुगे सोडून, ते कुठे आणि किती वेगाने वाहत जातात हे मोजलं आणि हा प्रवाह नोंदवला. आपला अहवाल त्यांनी एस्पेरांतो भाषेत लिहिला. बाहेरच्या जगाचं त्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. आज मात्र लांब पल्ल्याच्या प्रत्येक उड्डाणाची वाट आखताना या वाऱ्यांचा नकाशा आधी पाहिला जातो.

पुढच्या विमानप्रवासात समोरच्या पडद्यावर जमिनीसापेक्ष वेगाचा आकडा जरूर पाहा. तो हजारापलीकडे गेला, तर समजा, वाऱ्याची नदी तुम्हाला वाहून नेते आहे.