आईचे दुखणे आणि माझे इंग्रजी

मराठीच्या प्राध्यापकाला इंग्रजी येत नाही असा एक समज आहे, आणि तो खोटा ठरविण्याची एकही संधी मी आजवर सोडलेली नाही. बी.ए.ला असताना शेक्सपिअरची दोन नाटके मी टिपणांसकट वाचली आहेत. बँकेला, विमा कंपनीला, सोसायटीच्या सेक्रेटरीला जाणारी इंग्रजी पत्रे घरात मीच लिहितो. त्यामुळे आम्ही कोलशेतला राहायला आल्यापासून आईला डॉक्टरकडे नेण्याचे काम आपसूकच माझ्याकडे आले. आई सातवी शिकलेली. मराठी कादंबऱ्यांचा फडशा पाडते, पण इंग्रजीचे आणि तिचे कधी जमले नाही. "तू आहेस ना बोलायला," असे म्हणून ती निर्धास्तपणे रिक्षात बसते.

त्या निर्धास्तपणाला मी कितपत पात्र होतो, त्याची ही हकीकत आहे.

पहिली ठेच लागली ती तिच्या गुडघ्याच्या निमित्ताने. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दुखण्याच्या गोळीपुढे 'एसओएस' अशी तीन अक्षरे लिहिली होती. बुडत्या जहाजावरून मदतीसाठी पाठवितात तो हा संदेश, हे मला शाळेपासून ठाऊक. मी आईला बजावले, "ही गोळी अगदी प्राणावर बेतलं तरच घ्यायची हं!" आई बिचारी रात्रभर गुडघा धरून बसली, गोळीला हात लावला नाही. सकाळी नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या पोराने उलगडा केला, "सर, एसओएस म्हणजे दुखलं तर घ्या, नाही तर नको." मागाहून कळले की 'गरज पडल्यास' अशा अर्थाच्या तीन लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, एचएस म्हणजे झोपतेवेळी. हीही सारी लॅटिनच. म्हणजे डॉक्टरी इंग्रजी म्हणून आपण ज्याला भितो, त्यातले बरेचसे मुळात इंग्रजी नव्हेच! त्या दुकानातला पोरगा मात्र पाकिटावर नुसते १-०-१ लिहून देतो. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ज्याला फक्त आकडे वाचता येतात त्यालाही हे कळते. ही युक्ती ज्या कुणाला सुचली, त्याचा सत्कार करायला मी माझ्या खर्चाने शाल आणीन.

कोलशेत हे मूळचे खाडीकाठचे कोळी-आगऱ्यांचे गाव. मग रस्त्याच्या कडेने कारखाने आले, आणि आता जिकडेतिकडे मान मोडेल इतक्या उंच इमारती. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडे आणि चार भाषा आहेत. डॉक्टरांचेही तेच. आम्ही ज्यांच्याकडे जातो ते केरळचे. माणूस मोठा लाघवी. त्यांचे इंग्रजी झरझर, हिंदी कामापुरती, आणि मराठी 'कसं काय, आज्जी?' एवढीच. हा काही त्यांचा दोष नव्हे. इतक्या दुरून येऊन त्यांनी आईचा गुडघाही बरा करावा आणि वर मराठीही शिकावी, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

गेल्या पावसाळ्यात आईला थकवा वाटू लागला. देवपूजा आटोपून उठताना भिंत धरू लागली. "गळून गेल्यासारखं होतं रे. मधूनच तिरमिरी येते." मी डॉक्टरांना सांगितले, 'वीकनेस अँड गिडीनेस.' झाले भाषांतर! आईची घेरी, भोवळ, चक्कर, झापड, ग्लानी आणि तिरमिरी ही सहा वेगवेगळी माणसे मी एकाच खोलीत कोंबली. दुखण्याचेही असेच होते. डोके ठणकते, गळू ठसठसते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते, मुरडा पडतो, पायाला मुंग्या येतात, ताप यायच्या आधी अंग कसकसते. मराठी बाईला दुखणे सांगायला शब्द कमी पडत नाहीत. १८५७ साली निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. तो कधी चाळून पाहा. आपल्या दुखण्याखुपण्याच्या शब्दांपुढे इंग्रजी प्रतिशब्द देताना साहेबाची कशी दमछाक झाली आहे ते दिसेल. इंग्रजीत असे शब्द नाहीत असे नव्हे. रोनाल्ड मेल्झॅक नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९७५ साली वेदना सांगणारे ७८ शब्द २० गटांत मांडून एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. ठणकणारी वेदना कोणती, भोसकणारी कोणती, कुरतडणारी कोणती, हे रोग्याने निवडावे आणि त्यावरून डॉक्टरला दुखण्याचा माग लागावा, असा तिचा हेतू. तिकडच्या वैद्यकाला जे मुद्दाम गोळा करावे लागले, ते आमच्या आईच्या तोंडी सहज होते. मध्ये मी उभा होतो, एवढीच अडचण.

रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८. बायकांचे निदान १२ तरी हवे. डॉक्टरांनी कागदावरून मान वर करून विचारले, "एनी स्पॉटिंग?"

स्पॉट म्हणजे डाग. मी आईकडे वळून विचारले, "आई, अंगावर कुठे डाग आलेत का?"

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग खाली पाहून म्हणाली, "नाही रे. अंगावर कुठे आलेत?"

"नो, डॉक्टर," मी म्हणालो. शेक्सपिअर वाचलेल्या माणसाच्या आत्मविश्वासाने म्हणालो.

लोहाच्या गोळ्या घेऊन आम्ही घरी आलो. त्यात दोन महिने गेले. आईचा चेहरा अधिकच पांढुरका दिसू लागला. एके दिवशी आमच्या सौ.ने धुण्याच्या बादलीत काहीतरी पाहिले आणि सासूबाईंना न्हाणीघरातच गाठले. "आई, हे कधीपासून? मला का नाही सांगितलंत?" आई म्हणाली, "पाच महिने होत आले. या वयात कसलं आलंय, म्हणून गप्प बसले."

पाळी जाऊन वीस वर्षे झालेल्या बाईला पुन्हा रक्त जाऊ लागले, थेंबभर का होईना, तर ते लगेच तपासून घ्यायचे असते. दर वेळी कर्करोगच निघतो असे नाही, बहुतेक वेळा निघत नाही. पण कधीकधी निघतो, आणि लवकर कळला तर इलाज सोपा असतो. डॉक्टरांचा प्रश्न नेमका तोच होता. स्पॉटिंग म्हणजे अंगावरचे डाग नव्हेत. कपड्याला लागतात ते. त्या रात्री मी आईजवळ जाऊन बसलो. म्हटले, "आई, डॉक्टरांनी विचारलं होतं गं." ती म्हणाली, "तू अंगावरचे विचारलेस. अंगावर नव्हतेच. आणि खरं सांगू? नीट विचारलं असतंस तरी तुझ्यासमोर नसतं सांगितलं."

पहिल्या वाक्याने माझे इंग्रजी गेले. दुसऱ्याने त्याहून काहीतरी मोठे गेले. वर्गात 'अंगावर' आणि 'अंगावरून' यांतला फरक मी मुलांना शिकवितो. 'अंगावरून जाणे' हा आपल्या आज्यांचा शब्द मला ठाऊक होता. तो माझ्या आईलाही लागू पडेल, हे काही डोक्यात आले नाही.

सोनोग्राफी झाली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला गेला. निकालाला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात मला झोप नव्हती. रात्री काहीबाही वाचत बसे. त्यात अमेरिकेतली १९८० सालची एक घटना वाचली. फ्लॉरिडा राज्यात क्यूबन घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांनी एक स्पॅनिश शब्द वापरला, 'इंटॉक्सिकाडो'. क्यूबन माणूस तो खाण्यापिण्यातून काही बाधले या अर्थाने वापरतो. डॉक्टरांनी तो इंग्रजी कानाने ऐकला आणि मुलाने अमली पदार्थ घेतला असे समजून उपचार केले. दुभाषा कुणी बोलावला नाही. मुलाच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो वाचला, पण हातापायांतली शक्ती कायमची गेली. पुढे सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची भरपाई ठरली. आज तिकडे सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने इंग्रजी न येणाऱ्या रोग्याला दुभाषा विनामूल्य पुरवायचा असतो, आणि ते काम शक्यतो घरच्या माणसावर टाकायचे नसते. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत जाणाऱ्या आपल्या आज्यांनी हे लक्षात ठेवावे. मागितला तर फोनवर मराठी दुभाषाही मिळू शकतो. घरचे माणूस का नको, हे मला त्या आठवड्यात कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आमच्या गॅलरीतून खाडी दिसते. उल्हास नदीचे हे पाणी वरच्या अंगाला कल्याणहून येते. कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना १८६५ सालची. नवव्या वर्षी तिचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांशी झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून आपल्या ओळखीची, नाटकसिनेमातून पाहिलेली. आपल्याला आठवते ती नवऱ्याची शिस्त, बोटीचा प्रवास, थंडी, क्षय. मला त्या रात्री आठवले ते तिचे साधे म्हणणे. आपल्या बायका परपुरुष डॉक्टरला दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून बाई डॉक्टर हवी, असे तिने फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला कळविले होते. त्यासाठी ती इंग्रजी शिकली आणि ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली. ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र, म्हणजे आपल्याकडचे ज्ञान तिने त्यांच्या भाषेत नेऊन सांगितले. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांचा विभाग तिच्या हाती यायचा होता. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, ती पुण्यात वारली. एकाही बाईला तिला तो प्रश्न मराठीत विचारता आला नाही. आज ठाण्यात बाई डॉक्टरांची वाण नाही, आणि तरीही मी आईला पुरुष डॉक्टरकडे नेऊन स्वतः मध्ये उभा राहिलो होतो.

आठवड्याने कागद हाती आला. त्यावर 'निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी' असे लिहिले होते. या वेळी मी शहाणपणा केला नाही. लेडी डॉक्टरांनाच विचारले. कर्करोग नाही, एक साधा मोड होता, दुर्बिणीतून काढून टाकू, असे त्यांनी चक्क मराठीत सांगितले. घरी येऊन मी ओरडलो, "आई, रिपोर्ट निगेटिव्ह!" ती मट्‌दिशी खुर्चीत बसली. "निगेटिव्ह? म्हणजे वाईटच ना रे?"

त्याच संध्याकाळी सौ.ने शंभरपानी वही आणली. डाव्या पानावर डॉक्टरांचा शब्द देवनागरीत, उजव्या पानावर त्याचा अर्थ, आईला कळेल असा. 'पॉझिटिव्ह: आजार सापडला. निगेटिव्ह: नाही सापडला, पेढे आणा.' 'बिनाइन: साधी गाठ.' 'हायपर: जास्त. हायपो: कमी. ऐकू नीट येत नाही, लिहून घ्यावे.' 'हायपरटेन्शन: काळजी नव्हे, रक्तदाब.' हे शेजारच्या काकूंमुळे लिहावे लागले. त्या डॉक्टरांना ठासून सांगत होत्या की मला मेलं कसलंच टेन्शन नाही, सुना चांगल्या आहेत. 'डिस्चार्ज: दोन अर्थ. एक घरी सोडणे, दुसरा पांढरे जाणे. कोणता ते विचारावे.' 'फास्टिंग: उपाशीपोटी. उपासाचे खाऊन नव्हे,' ही नोंद आईची. एकदा ती साबुदाण्याची खिचडी खाऊन रक्त द्यायला गेली होती. वही आता निम्मी भरली आहे. माझ्या हस्ताक्षरातले त्यात फार थोडे आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासतो.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणीसाठी गेलो. आई वही काखेत धरून आत गेली, बरोबर सौ. मी बाहेर बाकावर. दार पुरते लागले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी सवयीने इंग्रजीत काहीतरी विचारले, आणि मग आईचा आवाज आला, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसा:

"नो स्पॉटिंग. अंगावरही नाही, कपड्यालाही नाही."