कोळ्याच्या पिल्लाची निगा

घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी आपण नेहमी पाहतो. परंतु झाडाच्या ढोलीत दबा धरून बसणारा, तळहाताएवढा केसाळ कोळी फार थोड्यांनी पाहिला असेल. त्याला टॅरंटुला म्हणतात. म्हैसूर शहरात नजरबाद भागाजवळ असलेले, १८९२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालय प्रसिद्ध आहे. मात्र त्याच शहराचे नाव एका टॅरंटुलालाही मिळाले आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९५ साली या पट्टेदार कोळ्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

जगात अनेक हौशी लोक टॅरंटुला पाळतात. नवशिका माणूस पुष्कळदा पिल्लापासून आरंभ करतो आणि अतिकाळजीने चुकतो. पिल्लू नखाएवढे असते. त्याला बारीक छिद्रे असलेली लहान डबी पुरते. तळाशी काथ्याचा किंचित ओलसर भुसा घालावा. झाडावर राहणाऱ्या जातीसाठी सालीचा तुकडा उभा ठेवावा. भुसा कोरडा पडला तर पिल्लू सुकते; फार भिजला तर बुरशी धरते. आठवड्यातून एकदोनदा, त्याच्या पोटाहून लहान असा रातकिडा पुरेसा होतो.

कोळ्याचे बाह्यकवच वाढत नाही. म्हणून त्याला वेळोवेळी कात टाकावी लागते. त्यापूर्वी तो अन्न सोडतो, कित्येकदा उताणा पडून राहतो. ‘पिल्लू मेले’ असे समजून त्याला हलवू नये. नवे कवच मऊ असते. अशा वेळी डबीत उरलेला रातकिडाही त्याला इजा करू शकतो. म्हणून न खाल्लेले भक्ष्य लगेच काढावे. कोळ्याला हातावर घेणे टाळावे. उंचावरून पडल्यास त्याचे पोट फुटते आणि म्हैसूरच्या कोळ्याच्या दंशाने माणसाला तीव्र वेदना होतात, स्नायूंत पेटके येतात.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे रानातून कोळी कधीही पकडून आणू नये. हौसेच्या बाजारासाठी होणारी पकड आणि जंगलतोड यांमुळे या कुळातील काही जाती संकटात आहेत. २०१९ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा जातींचे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने रीतसर नोंदणी करणे आवश्यक आहे. ज्याला कोळ्याविषयी खरे कुतूहल आहे, त्याने झाडाची ढोली दुरून, शांतपणे न्याहाळावी. तेथे त्याची निगा निसर्ग राखतो. आपण ते झाड राखावे.